इलेक्ट्रिक बाईक घ्यायचीय? शोरूमच्या आधी पार्किंगमधला पॉइंट बघा

गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या सात-आठ जणांनी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेण्याआधी मला फोन केला, कारण मी रोज धायरी ते हिंजवडी असं जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर अशाच गाडीवर करतो, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "रेंज किती देते रे?", म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते. मी त्यांना उलट विचारतो की रात्री गाडी कुठे लावणार आणि तिथून सगळ्यात जवळचा प्लग किती लांब आहे, तर बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. पेट्रोलच्या गाडीला आपण घरी फक्त उभी करतो, इलेक्ट्रिकला घरीच रोज जेवायला घालायचं असतं, म्हणून गाडी निवडायची सुरुवात शोरूममधून नाही, स्वतःच्या पार्किंगमधून करायची. हे मी मनापासून सांगतोय कारण पहिले दोन महिने मला जो त्रास झाला तो सगळा प्लगचा होता, गाडीचा नव्हताच.

इथे मी मोटरसायकलबद्दल बोलतोय, स्कूटरबद्दल नाही. म्हणजे रिव्होल्ट, ओबेन, टॉर्क क्रेटॉस, ओला रोडस्टर, मॅटर एरा, अल्ट्राव्हायोलेट, रॅप्टी वगैरे. कुठली घ्या कुठली नको हे नाही सांगणार, कारण तुमचा रस्ता, तुमची पार्किंग आणि तुमचं वजन माझ्यापेक्षा वेगळं आहे, पण कुठल्याही गाडीला कसं तपासायचं ते सांगतो.

पहिलं काम: वायरमनला बोलवा

गाडी बुक करायच्या आधी एक चांगला वायरमन बोलवा आणि पार्किंगमधला पॉइंट दाखवा. बहुतेक सोसायट्यांत पार्किंगमध्ये साधा ५ अँपिअरचा पॉइंट असतो, तोही झाडू मारणाऱ्या मावशींच्या मशीनसाठी किंवा गणपतीच्या लाइटिंगसाठी बसवलेला. त्यावर छोटा चार्जर चालतो, पण मोबाईल चार्ज करणं वेगळं आणि सलग सहा तास साडेतीन-चार अँपिअर करंट ओढणं वेगळं. सॉकेट थोडं जरी सैल असेल तर पिन गरम होते, प्लास्टिक पिवळं पडतं आणि मग वितळतं. म्हणून १५-१६ अँपिअरचा जाड तीन पिनांचा पॉइंट घ्या, वायर चांगल्या कंपनीची तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम, मीटर रूमपासून अंतर जास्त असेल तर ४ स्क्वेअर एमएम, वेगळी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि त्याच्यासोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ही आरसीसीबी कुणी आपणहून बसवत नाही, मागून घ्यावी लागते, पण पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी प्लगला हात लावला आणि करंट गळत असला तर तीच माणसाला वाचवते. लहान मुलं पार्किंगमध्ये खेळतात तिथे तर याच्यावर तडजोड करूच नका.

आता अर्थिंग. माझ्याकडे गाडी आली त्या रात्री चार्जर लावला तर लाल दिवा, चार्जिंग सुरूच होईना. शोरूमवाल्यांनी चार्जर बदलून दिला, तरी तेच. तीन चकरा झाल्या, चिडचिड झाली, शेवटी आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांनी सॉकेट उघडून दाखवलं की तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नाही, नुसतं भोक आहे. बऱ्याच चार्जरना अर्थ मिळाला नाही तर ते मुद्दाम चालू होत नाहीत, तो दोष नाही, ती सुरक्षा आहे. काकांनी मीटर लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजलं. तुम्हीही मोजून घ्या. फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच आलं पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर आधी ते दुरुस्त करा. आणि एक्सटेन्शन बोर्ड, तो पांढरा चार सॉकेटवाला, तो या कामाला कधीच वापरायचा नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर तर नाहीच नाही.

सोसायटीत राहत असाल तर कमिटीकडे लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून ठेवलेलं पुढच्या कमिटीला आठवत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ म्हटलंय की घरी किंवा ऑफिसात आपल्या आहे त्या वीज कनेक्शनवरून आपली गाडी चार्ज करता येते. म्हणजे वेगळं कमर्शियल कनेक्शन घ्यायची सक्ती नाही, घरच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज केली की दर घरगुतीच लागतो. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे मीटर रूममध्ये स्वतःच्या मीटरवरून वायर काढून आपल्या पार्किंगपर्यंत नेणं, सोबत कुलूप लागेल असा छोटा बॉक्स. कॉमन लाइटवरून घेणार असाल तर सब-मीटर बसवा आणि महिन्याच्या महिन्याला रीडिंगचा फोटो ग्रुपवर टाका, भांडणं होत नाहीत. स्मार्ट मीटर बसलेला असेल तर महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत आहे, त्यामुळे घरून काम करणाऱ्यांनी दुपारीच चार्ज करावं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी किंवा चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगवाल्यांनी काढता येणाऱ्या बॅटरीचा विचार करावा, जशी रिव्होल्ट आरव्ही ४०० मध्ये आहे. पण शोरूममध्येच ती बॅटरी स्वतः बाहेर काढून, उचलून, वीस पावलं चालून बघा. तीन-सव्वातीन युनिटची बॅटरी साधारण वीस किलोच्या घरात जाते, म्हणजे रिकाम्या गॅस सिलेंडरपेक्षा जड, आणि ती रोज जिना चढवायची आहे, पाठ दुखत असली तरी, पावसात भिजून आलात तरी. घरात आणली तर जिथे झोपता तिथे किंवा दाराच्या तोंडाशी चार्जिंगला लावू नका, म्हणजे काही झालंच तर बाहेर पडायची वाट मोकळी राहील.

गावाकडे घेणाऱ्यांसाठी वेगळं. माझा मामेभाऊ साताऱ्याजवळच्या गावात राहतो, त्याला मी पहिल्यांदा एकच सांगितलं, आठ दिवस संध्याकाळी सात वाजता आणि पहाटे पाच वाजता व्होल्टेज मोजून कागदावर लिही. संध्याकाळी त्यांच्याकडे १७० पर्यंत खाली येत होतं. चार्जरवर छापलेलं असतं की किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, ते वाचा, त्याच्या खाली गेलं की चार्जर बंद पडतो आणि तुम्हाला वाटतं गाडी बिघडली. पहाटे त्याच्याकडे २३० च्या पुढे मिळतं, म्हणून तो रात्री अकरानंतर लावतो. आणि घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होईल असं कुणी समजू नका, १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत सगळी मिळून १.८ युनिट वीज असते, त्यात फार तर अर्धी गाडी भरेल आणि घरात अंधार होईल.

बॅटरी किती मोठी, चार्जर किती मोठा

ब्रोशरमध्ये किलोवॅट-अवर लिहिलेलं असतं ते म्हणजेच आपलं वीजबिलातलं युनिट, एवढं समजलं की निम्मा गोंधळ संपतो. काही ठिकाणी फक्त व्होल्ट आणि अँपिअर-अवर देतात, मग गुणाकार करा आणि हजारने भागा, ७२ व्होल्ट गुणिले ४५ म्हणजे ३२४०, म्हणजे ३.२४ युनिट. त्यातलं सगळं वापरायला मिळतं असं नाही, थोडं बॅटरीच्या रक्षणासाठी राखून ठेवलेलं असतं, म्हणून सेल्समनला विचारा की वापरायला किती मिळतं.

मग चार्जर किती वॅटचा आहे ते विचारा, "किती तासांत फुल होते" असं विचारू नका, कारण तासांचं उत्तर नेहमी गोड असतं. ४ युनिटची बॅटरी आणि ७५० वॅटचा चार्जर म्हणजे भागाकार सव्वापाच तास, शेवटच्या वीस टक्क्यांना करंट आपोआप कमी होतो म्हणून सहा तास धरा. भिंतीतून साडेचार युनिट जातील कारण चार्जर गरम होण्यात दहा-बारा टक्के वाया जातात. हाच चार्जर १५०० वॅटचा असेल तर तीन-सव्वातीन तास, पण मग साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावायचा नाही. अल्ट्राव्हायोलेट एफ ७७ सारख्या गाडीत १०.३ युनिटची मोठी बॅटरी येते, तिथे चार्जर छोटा असेल तर एक रात्र पुरणार नाही, त्यामुळे मोठ्या बॅटरीसोबत चार्जरचा आकडा आणखी बारकाईने बघा. मोठा चार्जर बरेचदा वेगळे पैसे घेऊन देतात, ऑन-रोड किमतीत तो धरलाय की नाही हे लिहून घ्या.

चार्जर गाडीच्या आत आहे की बाहेर वेगळा डबा आहे हाही प्रश्न महत्त्वाचा. आत असेल तर फक्त एक वायर घेऊन फिरायचं, ऑफिसात, मित्राकडे, सासरी, कुठेही १५ अँपिअरचा प्लग सापडला की झालं. बाहेरचा असेल तर तो डबा ठेवायला मोटरसायकलला डिकी नसते, काही गाड्यांना टाकीच्या जागी छोटा कप्पा असतो तेवढाच. माझा डबा बाहेरचा आहे, चार किलोच्या आसपास, बॅगेत टाकून नेतो आणि खरं सांगायचं तर दुसरी गाडी घेताना मी हे आधी बघेन.

बाहेर चार्ज करायचं म्हटलं तर

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण मोबाईलवर ॲप उघडलं की नकाशावर शेकडो चार्जिंग स्टेशन दिसतात आणि वाटतं चिंता मिटली. त्यातली बरीचशी कारसाठी आहेत. कारचं फास्ट चार्जिंग सीसीएस-२ नावाच्या मोठ्या प्लगने होतं आणि बहुतेक इलेक्ट्रिक बाईकना तो बसत नाही. चेन्नईच्या रॅप्टीने ऑक्टोबर २०२४ मध्ये टी ३० आणली तिचं वेगळेपण हेच होतं की ती जास्त व्होल्टेजवर चालते आणि कारच्या सीसीएस-२ चार्जरवर लागते. दुचाकींसाठी एथर या स्कूटर कंपनीने बनवलेल्या कनेक्टरला बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) २०२३ मध्ये भारतीय स्टँडर्ड म्हणून मान्यता दिली, हिरोच्या विडा स्कूटरही तोच वापरतात, पण प्रत्येक मोटरसायकल कंपनीने तो घेतलाय असं नाही, ओलाचा वेगळा, कुणाचा आणखी वेगळा. म्हणून सेल्समनला असा प्रश्न विचारा, "या गाडीचा प्लग दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या चार्जरवर लागतो, आणि पुण्यात, म्हणजे तुमच्या गावात, असे चालू असलेले चार्जर कुठे आहेत, तीन पत्ते द्या." पत्ते मिळाले की त्यातल्या दोन ठिकाणी स्वतः जाऊन बघा, बंद आहे का, समोर कार लावून ठेवलीय का, रात्री आठनंतर मॉलचं गेट बंद होतं का.

आणखी एक, आपल्याकडचं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर, समृद्धीवर, अटल सेतूवर दुचाकीला जाता येत नाही. म्हणजे एक्सप्रेसवेच्या फूड मॉलमधले झकास फास्ट चार्जर आपल्या नकाशात असून नसल्यासारखे. आपल्याला जुन्या हायवेने, लोणावळा-खंडाळा करत जायचंय, त्यामुळे नकाशा बघताना स्वतःचा रस्ता बोटाने आखून मग त्याच्यावर काय आहे ते मोजा.

मी पुणे-सातारा करतो, एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, आणि माझा हिशोब फास्ट चार्जरवर नाही, जेवणावर आहे. शिरवळच्या पुढे एका हॉटेलवाल्यांशी ओळख करून घेतली, त्यांच्या मागच्या भिंतीला १५ अँपिअरचा पॉइंट आहे, तासभर जेवण आणि चहा होईपर्यंत पाऊण युनिट गाडीत जातं, म्हणजे वीस किलोमीटर, आणि खंबाटकी चढायला मनाला तेवढा धीर पुरतो. त्यांना मी दर वेळी वीस-तीस रुपये वरून देतो, त्यांनी मागितले नाहीत तरी. अशी दोन-तीन ठिकाणं तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर आधीच शोधून ठेवा, गाडी घेण्यापूर्वीच, पेट्रोलच्या गाडीवर जाताना.

रेंजचा आकडा कसा वाचायचा

जाहिरातीतला आकडा आयडीसी म्हणजे इंडियन ड्रायव्हिंग सायकलवर मोजलेला असतो. गाडी रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या पद्धतीने पळवतात, त्यात सगळ्यात जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी २२ च्या आसपास. कोथरूडजवळच्या आपल्या एआरएआयमध्ये, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेत, अशा चाचण्या होतात. आकडा खोटा नाही, पण त्या वेगाने सातारा रोडला कुणीच जात नाही, आणि तिथे मागे बायको बसलेली नाही, समोरून वारा नाही. पुण्याच्याच टॉर्कने २०२२ च्या सुरुवातीला क्रेटॉस आणली तेव्हा त्यांनी स्वतःच आयडीसी १८० आणि खऱ्या रस्त्यावर १२० असे दोन आकडे दिले होते, मला ती गोष्ट आवडली. तेच माप बाकीच्यांना लावा, आयडीसीच्या तीन भागांतले दोन हाती येतात, हायवेला त्याहून कमी.

याहून पक्की पद्धत म्हणजे किलोमीटरला किती वीज लागते ते बघणं. शहरात चाळीस-पन्नासच्या वेगाने इलेक्ट्रिक मोटरसायकल किलोमीटरला ३० ते ४० वॅट-अवर खाते, हायवेला सत्तर-ऐंशीने ५० च्या पुढे जाते, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, चाळीसचे ऐंशी केले की विरोध चौपट. ४ युनिट म्हणजे ४००० वॅट-अवर, चाळीसने भागलं की १००, पन्नासने भागलं की ८०. टेस्ट राइडला जाताना स्क्रीनवर हा आकडा कुठे दिसतो ते विचारून ठेवा आणि परत आल्यावर फोटो काढा. मग रोजचं अंतर दुप्पट करा, तेवढी रेंज खऱ्या रस्त्यावर मिळत असेल तर ती बॅटरी तुम्हाला पुरते. दुप्पट यासाठी की रोज शंभर टक्के करायची गरज पडत नाही, एखाद्या रात्री लाइट गेली तरी सकाळी कामावर जाता येतं, आणि पाच वर्षांनी बॅटरी थोडी दमली तरी गाडी कामाची राहते.

घाटाची भीती लोकांना उगाच जास्त असते. हिशोब करून बघा, गाडी, तुम्ही आणि मागचा माणूस मिळून २६० किलो, चढ ३०० मीटर उंचीचा, तर त्याला लागणारी जास्तीची वीज पाव युनिटच्या आसपास येते, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या सहा-सात किलोमीटरएवढी. उतरताना रीजनमुळे, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर मोटरच उलट वीज तयार करून बॅटरीत भरते त्यामुळे, त्यातली थोडी परतही मिळते. घाटात खरा प्रश्न विजेचा नसून उष्णतेचा आहे.

टेस्ट राइड: पाच मिनिटांची असेल तर घेऊ नका

मोटर आणि कंट्रोलर (मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा भाग) तापले की गाडी स्वतःहून पॉवर कमी करते. शोरूमच्या बाहेर एक चक्कर मारली तर हे कधीच कळणार नाही. ब्रोशरमधला मोठा आकडा पीक पॉवरचा असतो, तो काही सेकंदांसाठी, चढावर सलग पाच-सात मिनिटं जी पॉवर टिकते ती कंटिन्युअस किंवा नॉमिनल पॉवर, ती विचारा. पुण्यात असाल तर मागे माणूस बसवून जुना कात्रज घाट किंवा सिंहगडाचा पायथा ओलांडून थोडा चढ करून या, दुपारी बारा-एकच्या उन्हात, आणि बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली असताना. सेल्समन टाळेल, म्हणेल चार्ज करून देतो, तरी नम्रपणे हट्ट करा. भरलेल्या बॅटरीवर सगळ्याच गाड्या उड्या मारतात, २० टक्क्यांवर ट्रकला ओव्हरटेक करता येतो का हे जिवाशी संबंधित आहे, कारण काही गाड्या चार्ज कमी झाला की वेग बांधून टाकतात.

टेस्ट राइडला माझं लक्ष या गोष्टींवर असतं. हळू ट्रॅफिकमध्ये, नवले पुलाच्या जामसारख्या ठिकाणी, थ्रॉटल सुरुवातीला झटका देतो का गुळगुळीत उचलतो. थ्रॉटल सोडल्यावर रीजनमुळे गाडी किती ओढली जाते, कमी-जास्त करता येतं का, आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक त्यामुळे घसरतं का. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रीजन जवळजवळ लागत नाही, म्हणून घरून निघाल्या-निघाल्या उतार असेल तर ब्रेकवरच भरवसा ठेवा. ब्रेकला एबीएस (चाक लॉक होऊ देत नाही) आहे की सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो). वजन किती आणि ते कुठे आहे, गाडी बंद करून पार्किंगमध्ये मागे-पुढे ढकलून बघा, रिव्हर्स मोड असेल तर जड गाडीला फार उपयोगी पडतो. साइड स्टँड लावल्यावर मोटर बंद होते ना, हे तर बघाच, कारण आवाज नसलेल्या गाडीचा थ्रॉटल शेजारच्या पोराने पिळला तर गाडी सुटते.

मोटर मागच्या चाकातच असेल, ज्याला हब मोटर म्हणतात, तर देखभाल कमी पण मागचं चाक जड होतं, खड्ड्यात दणका जास्त बसतो आणि पंक्चरला चाक खोलायचं म्हटलं तर साध्या पंक्चरवाल्याला जमत नाही, ट्यूबलेस टायर आहे ना ते विचारा. मोटर मधे असेल तर ताकद बेल्टने किंवा चेनने चाकाला जाते. बेल्ट शांत, तेल नको, पण कच्च्या रस्त्याची बारीक खडी त्यात अडकली की वाट लागते, चेनला तेलपाणी करावं लागतं पण गावातही मिळते. मॅटर एरात तर चार गिअर आहेत, क्लचची सवय असलेल्यांना ती ओळखीची वाटते, पण मग गिअरबॉक्सची देखभालही आलीच. पाय पुरतात का, डबलसीट बसणाऱ्याला सीट आणि पकडायला हँडल आहे का, साडीगार्ड बसतो का, हे घरच्यांना सोबत नेऊनच बघा.

बॅटरी: आत काय आहे

लिथियम बॅटरीचे मुख्यतः दोन प्रकार, एनएमसी आणि एलएफपी. एनएमसी हलकी, तेवढ्याच वजनात जास्त युनिट मावतात. एलएफपी थोडी जड पण उष्णता जास्त सोसते, जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊ शकते, ओबेन ती वापरते. मी स्वतः नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या माणसाला एलएफपीकडे झुकायला सांगेन, कारण तिथे उन्हाळ्यात सावलीतच पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असंच बनवणारे सांगतात. एलएफपीचा एक स्वभाव माहीत असू द्या, तिचं व्होल्टेज बराच वेळ सारखंच राहतं त्यामुळे टक्क्यांचा अंदाज चुकू शकतो, अधूनमधून पूर्ण १०० टक्के केली की तो ताळ्यावर येतो. एनएमसीवाल्यांनी रोज ८०-९० वर थांबवलेलं बरं, ॲपमध्ये तशी मर्यादा लावता येते का बघा. दोन्हीला एक नियम सारखा, उन्हातून तापवून आणल्यावर लगेच प्लग लावायचा नाही, अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यायची.

२०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक दुचाकी पेटल्याच्या बातम्यांनी सगळे घाबरले होते, आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचा एआयएस १५६ हा नियम कडक झाला, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाला. त्यामुळे सेकंडहँड घेणार असाल तर बनल्याची तारीख बघा, त्याआधीची गाडी मी तरी घेणार नाही. नवीन घेताना आयपी ६७ लिहिलंय का ते बघा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पण तो आकडा बॅटरीचा आहे की मोटरचा की दोन्हीचा, हे वेगवेगळं विचारा, आणि आयपी ६७ असली तरी प्रेशर वॉशरचा फवारा चार्जिंग पोर्टवर मारायचा नाही. कोकणात राहणाऱ्यांनी पोर्टचं झाकण घट्ट बसतं का आणि आतल्या पिनांवर हिरवट थर येत नाही ना, हे पावसाळ्यात दर आठवड्याला बघावं.

वॉरंटी, ॲप आणि सर्व्हिस

वॉरंटीचे "आठ वर्षं" असे मोठे अक्षरातले आकडे बघून खूश होऊ नका, कागद मागा आणि तीन ओळी शोधा. एक, बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देतात, ७० का ८०. दोन, बदलताना पूर्ण फुकट की वापरलेल्या वर्षांचे पैसे कापून. तीन, आठ वर्षं सगळ्यांना आहेत की वेगळे पैसे भरून. सोबत विचारा की चार्जर, कंट्रोलर आणि डिस्प्लेला किती वर्षं, कारण या गोष्टी बॅटरीआधी बिघडतात. इन्शुरन्समध्ये चार्जर धरलाय का आणि पुरात गाडी बुडाली तर बॅटरीचे पैसे मिळतात का, हेही लेखी.

ॲपवर चालणारी फीचर्स बघून भुलू नका पण दुर्लक्षही करू नका. एकच चाचणी करा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि गाडी चालू करून चालवून दाखवा म्हणा. चालू झाली तर उत्तम. नकाशा, चोरीचा अलर्ट, राइड मोड यातलं काय पहिल्या वर्षानंतर पैसे भरून मिळणार ते विचारा.

सर्व्हिस सेंटरला सकाळी साडेनऊला जा, शोरूमला नाही, मागच्या बाजूला जिथे गाड्या उभ्या असतात तिथे. धूळ बसलेल्या किती गाड्या आहेत बघा आणि आपली गाडी घ्यायला आलेल्या दोन-तीन जणांशी बोला, पार्ट यायला किती दिवस लागले एवढंच विचारा. त्यांच्याकडून पाच मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत नाही. तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर नसेल आणि सगळ्यात जवळचं शंभर किलोमीटरवर असेल तर गाडी कितीही आवडली तरी सध्या थांबा, कारण बंद पडलेली इलेक्ट्रिक गाडी गल्लीतला मेकॅनिक उघडतही नाही.

पैशाचं

माझा महिन्याचा हिशोब असा. १२५० किलोमीटर, किलोमीटरला ४० वॅट-अवर म्हणजे ५० युनिट, वाया जाणारं धरून ५६. सगळे आकार मिळून युनिटला १४ रुपये धरले तर ७८४ रुपये. हेच ४५ चं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला २८ लिटर, १०४ च्या भावाने २९०० रुपये. महिन्याला दोन हजार, वर्षाला पंचवीस हजार वाचतात. तुमचं रोजचं फिरणं दहाच किलोमीटर असेल तर हाच फायदा वर्षाला पाच-सहा हजारांवर येतो, मग जास्तीची किंमत भरून निघायला फार वर्षं लागतात, हे घरात बसून आधी मांडून बघा.

जुन्या व्हिडिओतल्या किमतींवर जाऊ नका. केंद्राचं अनुदान फेम-२ या योजनेत एके काळी बॅटरीच्या युनिटला १५,००० रुपये होतं, जून २०२३ मध्ये १०,००० झालं, नंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ५,००० आणि एप्रिल २०२५ मध्ये २,५०० झालं. जीएसटी मात्र इलेक्ट्रिकवर ५ टक्केच आहे. तुम्ही कोटेशन घ्याल त्या दिवशी केंद्राचं किती, राज्याचं किती आणि ते आधीच वजा केलंय की नंतर खात्यात येणार, हे वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा.

डिलिव्हरीच्या दिवशी

घाईत पेढे वाटून निघू नका. शोरूममध्येच तुमचाच चार्जर तुमच्याच गाडीला लावायला सांगा आणि दहा मिनिटं चार्जिंग होतंय का बघा, टक्के हलले पाहिजेत. बॅटरीवरचा सिरियल नंबर, मोटरचा नंबर आणि चार्जरचा नंबर बिलावर आलाय का ते जुळवा, नसेल तर तिथेच लिहून सही-शिक्का घ्या, कारण पुढे वॉरंटीत चार्जर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न तोच येतो. दोन किल्ल्या, ॲपचा मालक म्हणून तुमचाच मोबाईल नंबर, सॉफ्टवेअर अपडेट झालेलं, हिरवी नंबर प्लेट कधी येणार त्याची तारीख. घरी आल्यावर पहिल्या रात्री प्लग लावला की तासाभराने खाली जाऊन पिनेला आणि सॉकेटला हाताचा मागचा भाग लावून बघा, कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर तिथेच बंद करा आणि सकाळी वायरमन काकांना फोन लावा.